हेल्मेटच्या पट्ट्याखालचं पुरळ: मुलगा आता पट्टाच बांधत नाही

अंत्रुजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्य विभागात टाकू की क्रीडा विभागात, यात दोन दिवस गेले. चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचे चिरंजीव, वय १५, यष्टिरक्षक. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की त्यांचा सराव सुरू होतो. तेव्हाचा उकाडा गोव्यातल्यांना सांगायला नको. पाऊस धड गेलेला नसतो आणि ऊन मात्र आलेलं असतं. फिरकीला तो यष्टींना चिकटून उभा राहतो, त्यामुळे दीड-दोन तास हेल्मेट डोक्यावर. फलंदाजीला गेला की परत हेल्मेट. ते क्लबचं असतं. अख्ख्या बॅचला दोन-तीन हेल्मेटं आणि त्यांचा वास किटबॅग उघडायच्या आधीच येतो.

आता मूळ दुखणं. हनुवटीवर, पट्टा बसतो बरोबर त्या रेघेत, मोठ्या दुखऱ्या पुटकुळ्या. एक-दोन तर पुवाने भरलेल्या. कपाळावर केसांच्या कडेने बारीक-बारीक दाणे, सगळे एकसारखे, मोहरी चिकटवल्यासारखे, आणि त्यांना भयंकर खाज. तिसरं म्हणजे मानेवर उजव्या कानामागे एक लालसर चकती, कडेला जास्त लाल.

नाक्यावरच्या फार्मसीतून एक ट्यूब आणली. चार दिवसांत जादू झाल्यासारखं गेलं. ट्यूब संपली आणि दुपटीने परत आलं. दुसरी आणली, पुन्हा तेच. आता तिसरी चालू आहे.

पण मी घाबरलोय ते वेगळ्याच कारणाने. दुखतं म्हणून पठ्ठ्या हनुवटीचा पट्टा ढिला सोडतो, कधी बांधतच नाही. गेल्या रविवारी चेंडू बॅटची कड घेऊन ग्रिलवर आदळला आणि हेल्मेट उचकटून मागे गेलं. लागलं नाही, पण मी बाहेर बसलो होतो, पोटात गोळा आला.

क्लबच्या सेक्रेटरींशी काल फोनवर वाजलं. त्यांच्या घाणेरड्या हेल्मेटांमुळेच हे झालं असं मी स्पष्ट सांगितलं. नवीन हेल्मेट घ्यायला तयार आहे, पण तेवढ्याने जाईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

माजी_नाइटवॉचमन

वाचून एकदम शेतातल्या म्याचींत गेलो. कापणी झाली की वायंगणाचा (उन्हाळी भातशेतीचा) एक तुकडा सपाट करायचा आणि नारळाची चुडतं रोवून बाउंडरी. आमच्या वाड्यावर तेव्हा एकच हेल्मेट, तेही एका मुंबईकर काकांनी दिलेलं. बाद झालेला गडी परत येताना वाटेतच ते काढायचा आणि नवा गडी ते तसंच ओलंचिंब डोक्यावर चढवायचा. दुपारपर्यंत त्यात सात जणांचा घाम मुरलेला. आत हात घातला तर गादी स्पंजासारखी पिळता यायची. आम्ही एकदा पिळलीही.

आम्हाला काही झालं नाही हं!

केपेकरीण

@माजी_नाइटवॉचमन, खरंच काही झालं नाही?

माजी_नाइटवॉचमन

अर्ध्या टीमला नायटा होता. पण तो हेल्मेटमुळे होता असं आम्हाला कधी वाटलं नाही. ;)

डिचोलीची_मावशी

कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने डोकं धुवा आणि रात्री खोबरेल तेल थापून लावा कपाळापर्यंत. उष्णता आहे ती डोक्यातली. आमच्या नातवाला असंच केलं. आणि तिरफळाचं वगैरे आठ दिवस बंद करा, बांगड्याचं तिखलंही नको.

नुस्तेंखाऊ

मावशी, बांगडा बंद करण्यापेक्षा क्रिकेट बंद केलेलं बरं.

मिरामार_सायकल

माझा अनुभव सायकलचा. आयर्नमन ७०.३ ही पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत गोव्यात २०१९ला पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आमच्या ग्रुपला ट्रायथलॉनचं वेड लागलंय. त्यात समुद्रात १.९ किमी पोहून बाहेर आलात की खाऱ्या, ओल्या केसांवर तसंच हेल्मेट आणि वर ९० किमी सायकल. सरावाच्या पहिल्याच मोसमात माझ्या कपाळावर हेल्मेटच्या पुढच्या गादीचा ठसा उमटला, लाल पट्टा आणि त्यात पुरळ. ऑफिसात लोक विचारायचे, गंध का लावतोस?

दोन गोष्टींनी फरक पडला. एक, आतल्या गाद्या वेल्क्रोने लावलेल्या असतात, त्या निघतात. हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं. पहिल्यांदा काढून बादलीत टाकल्या तेव्हा पाणी चहासारखं झालं. दोन, हेल्मेटखाली पातळ कापडी टोपी. तशा चार आहेत, दर राइडनंतर धुवायला.

कातडीवाला

त्वचारोगाचा डॉक्टर आहे, म्हणून हे नाव. न बघता निदान करणार नाही आणि औषधांचे डोसही इथे लिहिणार नाही. पण धागाकर्त्यांनी वर्णन इतकं नेमकं केलंय की थोडं बोलतो.

अंत्रुजकर, तुम्ही एक पुरळ म्हणताय, मला वाचताना तीन दिसतायत. एकाच डोक्यावर, एकाच हेल्मेटखाली, तीन वेगळी दुखणी असू शकतात. आणि तिन्हींना एकच ट्यूब लावलीत, तिथेच घोटाळा झाला.

हनुवटीच्या पुटकुळ्या घ्या. आपल्याला साधे मुरूम माहीत असतात, ते वयाचे, हार्मोनचे. पण कातडीवर सतत दाब पडला, घासलं, हवा बंद झाली आणि वर उष्णता असली की त्या जागी मुरूम उसळतात. याला अ‍ॅक्ने मेकॅनिका म्हणतात. १९७५मध्ये मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी त्याचं वर्णन केलं. तिकडच्या फुटबॉलचे खेळाडू (त्यांचा तो हातात धरायचा फुटबॉल, आपला नव्हे) अवजड हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालतात. त्यांच्या हनुवटीवर, कपाळावर, खांद्यावर नेमकं तिथेच येतं. व्हायोलिन वाजवणाऱ्यांना मानेवर येतं, आणि पाठीला सॅक लावून हिंडणाऱ्यांना पाठीवर. ओळखायची खूण म्हणजे पुरळाचा आकार वस्तूच्या आकारासारखा असतो. मोसम संपला की बहुधा आपोआप ओसरतं. हे संसर्गजन्य नाही, दुसऱ्याच्या हेल्मेटमधून येत नाही.

कपाळावरचे एकसारखे, खाजणारे दाणे ही वेगळी गोष्ट वाटते. मुरूम सहसा लहान-मोठे मिसळलेले असतात, काळी तोंडं असतात, आणि ते खाजण्यापेक्षा दुखतात. सगळे दाणे सारखे आणि खाज खूप, असं असलं की मला मॅलॅसेझिया या यीस्टची शंका येते. ही बुरशी बाहेरून येत नाही, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतेच. कोंडा आणि शिबं यांतही हिचाच हात. घाम, उबारा आणि तेल मिळालं की ती केसाच्या मुळाशी शिरून माजते. मुरूम समजून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक खाल्लं की आणखीच वाढते, कारण तिला आवर घालणारे जिवाणू त्या गोळ्यांनी मरतात.

डिचोलीच्या मावशी, राग मानू नका, पण ते खोबरेल कपाळापर्यंत थापणं आधी बंद करायला सांगा. या बुरशीला स्वतःपुरती चरबी स्वतः बनवता येत नाही, ती आपल्या कातडीवरच्या स्निग्धावर जगते. नारळाच्या तेलातली आम्लं म्हणजे तिला आयतं जेवण. शिवाय तेल घामाबरोबर ओघळून गादीत मुरतं आणि उद्या परत कपाळाला लागतं. बांगडा खाऊ द्या पोराला.

आता कानामागची चकती. कडेला जास्त लाल आणि मधे फिकट असेल तर तो नायटा असू शकतो, म्हणजे खरा संसर्ग. याबद्दल ट्यूबवरची नावं वाचल्याशिवाय पुढे बोलत नाही. कृपया मागच्या बाजूचं बारीक अक्षर इथे टंका.

डिचोलीची_मावशी

बरं बाबा, तेल बंद. राग कसला त्यात. पण कडुलिंबाच्या पाण्याला काही म्हणाला नाहीस, म्हणजे ते चालतं असं धरते.

अंत्रुजकर

डॉक, चष्मा लावून वाचलं: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. एकात चार औषधं म्हणजे जोरदार असणार, असं वाटलं होतं.

कातडीवाला

जोरदार आहेच, प्रश्न तोच आहे. यातलं क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सर्वांत तीव्र गटातलं. त्याने लाली आणि खाज दोन-चार दिवसांत दबते, तुम्हाला वाटतं बरं झालं. खाली बुरशी मात्र निवांत पसरत असते, कारण तिच्याशी लढणारी कातडीची सूजच तुम्ही बंद केलेली असते. नायट्याचा गोल आकारही मोडतो, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. चेहऱ्यावर हेच लावत राहिलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि स्टिरॉइडचे म्हणून वेगळे मुरूम येतात. कपाळावरच्या दाण्यांना याचाही हातभार लागला असेल.

२०१८मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी ती चॉकलेटासारखी मिळतात. या मलमांच्या वापरातून आपल्या देशात नायट्याची अशी साथ माजलीय की पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिनोन्‌महिने दाद देत नाही. त्यातल्या एका हट्टी बुरशीला २०२०मध्ये नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी. इंडो म्हणजे आपण. टर्बिनाफिनला, म्हणजे तुमच्या ट्यूबमधल्या बुरशीच्या औषधाला, न जुमानणारे तिचे वाण आहेत. जगाच्या नकाशावर नाव झळकवायचे आणखी चांगले मार्ग होते.

थोडक्यात, ट्यूब थांबवा. थांबवल्यावर आठ-दहा दिवस आणखी लाल होईल, घाबरून परत लावू नका. आणि त्वचारोग ओपीडीत दाखवा. चकतीची कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली सूक्ष्मदर्शकातून बघतात. काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखत नाही.

पेडण्याचा_पायलट

मी पायलट. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, विमानाचा नाही, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलचा. स्वतःचं हेल्मेट दिवसाचे आठ तास आणि पॅसेंजरसाठी दुसरं. ते दिवसातून दहा-पंधरा डोक्यांवर जातं. पॅसेंजर ते हातात घेऊन आधी आत बघतात, मग माझ्याकडे. आता आत पातळ सुती रुमाल घालून देतो आणि घरी रोज बदलतो. खेळाडू नाही, पण डोकं आम्हालाही आहे म्हणून लिहिलं.

केपेकरीण

दंडवत. खेळाडू नाही कसे, म्हापशाच्या बाजारातून शुक्रवारी मोटारसायकल काढून दाखवावी कुणी.

गोलपोस्टवाली

हॉकीची गोलरक्षक होते, म्हापशाला पेडेच्या मैदानावर बरीच वर्षं काढली. माझी गोष्ट वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं हेल्मेट तोंडासकट झाकणारं, हनुवटीला फोमचा कप. एका मोसमात नवीन घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात हनुवटी लाल, खरखरीत, पाणी सुटणारी. पुटकुळ्या नव्हत्या, इसबासारखं. सगळे म्हणाले घाम. घाम तर आधीच्या हेल्मेटमध्येही येत होता की! आई म्हणाली नवीन वस्तू सोसली नाही तुला. आईचं खरं निघालं.

पाठीवर पॅच टेस्ट केली. छोट्या छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ भरून पाठीला चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढे दोन दिवसांनी परत बघतात. त्या दिवसांत आंघोळ गळ्याखाली नाही, मे महिन्यात! माझी रबर बनवताना घालतात त्या रसायनांची अ‍ॅलर्जी निघाली. हेल्मेटमधला कप बदलला, मधे सुती कापड शिवून घेतलं, संपला विषय. मलमं लावून लावून मी वर्ष घालवलं होतं.

शिवाय वेणी. हेल्मेटखाली मावावी म्हणून केस कपाळापासून ताणून मागे घट्ट बांधायचे. दोन मोसमांनी कानशिलावरची केसांची रेघ मागे सरकली. मुलींच्या आयांनी याकडे बघावं, ताण लवकर थांबवला तर केस परत येतात.

कातडीवाला

@गोलपोस्टवाली, उत्तम लिहिलंत. एक भर घालतो. फोममध्ये अ‍ॅसिटोफेनोन अ‍ॅझिन नावाचा पदार्थ सापडतो, ईव्हीए जातीच्या फोममध्ये. फुटबॉलच्या शिनगार्डमुळे नडग्यांवर इसब आलेल्या मुलांत तो पहिल्यांदा पकडला गेला. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या संस्थेने त्याला २०२१चा ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ हा मान दिला. आपला राज्यखेळ फुटबॉल, तेव्हा शिनगार्डवाल्यांनीही लक्षात ठेवावं. पॅच टेस्टच्या नेहमीच्या संचात तो असेलच असं नाही, म्हणून शंका असली तर फोमचाच तुकडा घेऊन जा.

पट्ट्याच्या जागी कातडी पांढरी पडू लागली तर मात्र थांबू नका. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका सगळ्यांनी पाहिल्या असतील. तसल्याच जातीचं रसायन रबर-चामडं चिकटवायच्या गोंदातही असतं.

ताळगावचा_तज्ञ

हेल्मेटने चाई पडते, टक्कल पडतं. माझ्या तीन मित्रांना पडलं. म्हणून मी घालत नाही.

कातडीवाला

चाई ही शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारशक्तीने केसांच्या मुळांवर केलेला हल्ला. हेल्मेटशी संबंध नाही. तुमच्या मित्रांचं टक्कल त्यांच्या वडलांकडून आलेलं असण्याची शक्यता जास्त, वडलांचे फोटो बघा. घाला हेल्मेट.

मिरामार_सायकल

अमेरिकेत कुठल्याशा फुटबॉल संघात भयंकर जिवाणू पसरला होता ना? हेल्मेटमधूनच ना?

कातडीवाला

सेंट लुईस रॅम्स, २००३चा मोसम. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस. ५८ पैकी ५ खेळाडूंना गळवं झाली. पण ती हेल्मेटखाली नव्हती, कृत्रिम टर्फवर घसरून सोलवटलेल्या कोपर-गुडघ्यांवर झाली. तपासात काय निघालं तर खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत होते. आपल्याकडे किटबॅगेत हेल्मेटाशेजारी एकच पंचा अख्ख्या टीमला पुरतो, त्याला आधी पकडा. केसतूड पसरायला तो पंचा पुरेसा आहे.

माजी_नाइटवॉचमन

अवांतर: हेल्मेट घालून कसोटी खेळणारा पहिला फलंदाज ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप, १९७८, ब्रिजटाऊन. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती म्हणतात. आणि विव्ह रिचर्ड्सने शेवटपर्यंत घातलं नाही. त्याची कातडी बरी राहिली असणार. (हलकेच घ्या.)

संपादक_क्रीडा

रिचर्ड्सवर वेगळा धागा काढावा.

अंत्रुजकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. उशिराला कारण आहे, आणि ते लाज वाटण्यासारखं आहे.

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जाऊन आलो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. डॉक्टरबाईंनी भिंग घेऊन बघितलं, कानामागची कड ब्लेडने हलकी खरवडली, चिरंजीव तोंड वाकडं करून बसलेले. कातडीवाल्यांचा अंदाज जवळपास तसाच निघाला. हनुवटीला दाबाचे मुरूम. कपाळाला यीस्ट, त्यासाठी केटोकोनॅझोलचा शॅम्पू कपाळावर पाच मिनिटं ठेवून धुवायचा. मान मात्र पॉझिटिव्ह, नायटा. त्यासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या आणि स्टिरॉइड नसलेलं मलम.

मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला खाज आहे का?

मी म्हणालो, नाही. चिरंजीव म्हणाले, पपांना आहे.

आहे. जांघेत, मागच्या पावसापासून. मी तीच ट्यूब लावत होतो, म्हणून तर नाव तोंडपाठ होतं आणि फार्मसीत जाऊन तीच मागितली. न्हाणीघरात आमचा दोघांचा एकच टॉवेल. पोरगा खेळून येतो, आंघोळ करतो आणि त्याच टॉवेलाने मान-कान खसाखसा पुसतो. बाई हसल्या नाहीत, पण केसपेपर माझाही काढायला लावला.

म्हणजे क्लबच्या हेल्मेटवर मी जो आळ घेतला होता, तो माझ्याच दांडीवर वाळत होता. सेक्रेटरींना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, तरी हेल्मेटं घाण आहेत हे खरंच आहे, या रविवारी सगळे मिळून धुऊया. धुतली. मिरामार_सायकल यांचं चहाचं वर्णन सौम्य होतं.

टॉवेल आता प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात, वाळवून वर इस्त्री, शिवणींवर जास्त वेळ.

हनुवटीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश दिलाय. कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, त्याने कपड्याचा रंग उडतो. शाळेचा निळा टी-शर्ट गळ्याशी नारिंगी झालाय.

आणि हेल्मेट नवं घेतलंच. दुकानदाराने डोक्याचा घेर टेपने मोजला तेव्हा कळलं की क्लबचं एक साइज लहान होतं. म्हणून पट्टा तेवढा रुतायचा.

नुस्तेंखाऊ

पपांना आहे. _/\_ चिरंजीवांना माझ्यातर्फे एक रस-आमलेट.

कातडीवाला

हे लिहायला धाडस लागतं, अंत्रुजकर. दोघांनीही औषध एकाच वेळी आणि सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. खाज आधी थांबते, बुरशी नंतर मरते. मधल्या काळातच लोक गोळ्या सोडतात.

रस-आमलेटावरून आठवलं. सराव संपल्यावर मुलं ओल्या टोपीनिशी, घामट चेहऱ्याने गाड्यावर तासभर उभी असतात. आधी मैदानाच्या नळावर तोंड-मान धुऊन स्वतःच्या रुमालाने टिपायचं, मग आमलेट. यात साबणही लागत नाही.

गोलपोस्टवाली

राज्य पातळीवर जाणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन स्पर्धेच्या काळात डोपिंगच्या यादीत येतं, लावायचं मलम येत नाही. खाज जास्त आहे म्हणून कुणी गोळी-इंजेक्शन देत असेल तर आपण खेळतो हे आधी सांगा.

केपेकरीण

हेल्मेट धुतल्यावर वाळवायचं कसं ते कुणी सांगेल का? आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा वाळत नाहीत. लेकीच्या स्केटिंगच्या हेल्मेटच्या पट्ट्यावर हिरवी लव आली होती, मी डेटॉल ओतलं आणि गॅसशेजारी ठेवलं.

मिरामार_सायकल

डेटॉल, स्पिरिट, थिनर यातलं काही नको. कवचाचं प्लॅस्टिक आतून चिरतं आणि वरून कळत नाही. आतला पांढरा थर थर्माकोलच्याच जातीचा, गॅसची धग लागली की आकसतो. बंद गाडीच्या डिकीतही ठेवू नका.

कोमट पाणी, अंगाचा साधा साबण, जुना टूथब्रश पट्ट्याच्या विणीसाठी. गाद्या काढून टॉवेलात दाबायच्या, पिळायच्या नाहीत. मग हेल्मेट उलटं टांगून पंख्याखाली रात्रभर. पावसाळ्यात आम्ही दोन जादा गाद्यांचे संच ठेवतो. लव आलेला पट्टा मात्र बदला, धुऊन तो वास जात नाही.

केपेकरीण

आभार. गॅसशेजारचं हेल्मेट बघितलं, आतून एका बाजूला चपटं झालंय. नवं घेते.

माजी_नाइटवॉचमन

आमच्या वाड्यावरच्या त्या हेल्मेटचं शेवटी काय झालं ते विचारा. त्यात कोंबडी बसवली होती. अकरा पिल्लं झाली.

अंत्रुजकर

कातडीवाले डॉक, शेवटचा प्रश्न. पुटकुळ्या बसल्यात, पट्टा आता नीट बांधतो. पण हनुवटीवर काळपट पट्टा राहिलाय. चिरंजीव रोज आरशासमोर. आई त्याला लिंबू आणि डाळीचं पीठ लाव म्हणते.

कातडीवाला

लिंबू नको, घासणं अजिबात नको. आपल्या सावळ्या कातडीला सूज येऊन गेली की काळी खूण मागे राहते, ती हळूहळू जाते. सकाळी सरावाआधी जेलसारखं सनस्क्रीन, तेलकट नको. पट्ट्याला हनुवटीपाशी सुती कापड गुंडाळा आणि ते रोज बदला. बाकी वेळ द्या.

अंत्रुजकर

तो विचारतोय, गॅदरिंगपर्यंत जाईल का.

कातडीवाला

गॅदरिंग कधी आहे?

अंत्रुजकर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

कातडीवाला

नाही. नाटकात दाढीवाली भूमिका मागून घे म्हणावं.